प्रक्षोभ कोणाचा?

दलितवस्तीवर हल्ला झाला की एक ठरीव वाक्य कानी येते : ‘त्यांनी प्रक्षोभक वर्तन केले, म्हणून गाव भडकले.’ या वाक्यातला ‘प्रक्षोभ’ आपण एकदा नीट तपासला पाहिजे.

शब्द संस्कृतातला. धातू ‘क्षुभ्’, म्हणजे हलणे, ढवळून निघणे. समुद्र क्षुब्ध होतो. पाण्याची ही अवस्था पुढे मनाला लावली गेली आणि क्षोभ म्हणजे संताप झाला. ‘प्र’ लागून तो तीव्र झाला. प्रक्षोभक म्हणजे असा संताप उत्पन्न करणारा. बोलभाषेतही हीच सोय आहे : चिडणे–चिडवणे, भडकणे–भडकवणे. मधे एक ‘व’ आला की राग एकाचा आणि कर्ता दुसराच!

हा ‘व’ कोणाच्या माथी मारला जातो? महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांच्यामागून हजारो माणसे तेथे पाणी प्याली. थोड्याच वेळात ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी अफवा उठवण्यात आली आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्या पडल्या. संतापलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेले घडे तळ्यात बुडवून ‘शुद्धी’ झाली. मग पाणी ढवळले कोणी?

कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेचे कलम १५३ दंगलीच्या हेतूने प्रक्षोभ करणाऱ्याला शिक्षा सांगत होते. पण ते कृत्य मुळात बेकायदेशीर असले पाहिजे, अशी त्यात अट होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९२ मध्येही ती कायम आहे. पाणी पिणे बेकायदेशीर नव्हते. तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकालही १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्याच बाजूने लागला.

तेव्हा यापुढे कोणी ‘प्रक्षोभक’ म्हटले की विचारावे : आम्ही कोणता कायदा मोडला? उत्तर नसेल तर राग तुमचा आहे. त्याचे कर्तेही तुम्हीच.