एनोला होम्स (चित्रपट)

एनोला होम्स हा २०२० साली प्रदर्शित झालेला इंग्रजी रहस्यपट आहे. अमेरिकन लेखिका नॅन्सी स्प्रिंगर यांच्या किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबरीमालेतील पहिल्या पुस्तकावर (२००६) तो आधारित आहे. दिग्दर्शन हॅरी ब्रॅडबियर यांचे, तर पटकथा जॅक थॉर्न यांची आहे. सुप्रसिद्ध गुप्तहेर शेरलॉक होम्स याला धाकटी बहीण असती तर, या कल्पनेवर कथा उभी आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या मूळ कथांत अशी बहीण नाही.

कथानक

कथा १८८४ सालच्या इंग्लंडमध्ये घडते. आई युडोरिया हिने एनोलाला घरीच वाचन, बुद्धिबळ, जुजुत्सू आणि सांकेतिक लिपी शिकवलेली असते. सोळाव्या वाढदिवशी आई अचानक नाहीशी होते. कायदेशीर पालक असलेला थोरला भाऊ मायक्रॉफ्ट एनोलाला मुलींच्या शिस्तशाळेत धाडू पाहतो. आईने मागे ठेवलेले संकेत उलगडून एनोला मुलाच्या वेषात लंडनला निघते. आगगाडीत तिची गाठ घरातून पळालेल्या तरुण उमराव ट्यूक्सबरीशी पडते. त्याच्या जिवावर कोणी उठले आहे, याचा शोध ती शेरलॉकच्या आधी लावते. मतदान सुधारणा विधेयकाला तो अनुकूल मत देणार, म्हणून त्याच्या आजीनेच मारेकरी नेमलेला असतो.

कलाकार

मिली बॉबी ब्राउन (एनोला), हेन्री कॅव्हिल (शेरलॉक), सॅम क्लॅफ्लिन (मायक्रॉफ्ट), हेलेना बॉनहॅम कार्टर (युडोरिया) आणि लुई पार्ट्रिज (ट्यूक्सबरी) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. ब्राउन या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकीही एक आहेत.

वैशिष्ट्ये

एनोला अधूनमधून कॅमेऱ्याकडे वळून थेट प्रेक्षकांशी बोलते. त्यामुळे प्रेक्षक तपासात तिचा सोबती होतो. तिच्या नावाची इंग्रजी अक्षरे उलट वाचल्यास ‘एकटी’ या अर्थाचा शब्द तयार होतो. आरंभी ओझे वाटणारे हे एकटेपण अखेरीस तिला स्वातंत्र्य वाटू लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८८४ साली ब्रिटनमध्ये खरोखरच मताधिकार विस्ताराचा कायदा झाला आणि ग्रामीण भागातील बहुसंख्य कष्टकरी पुरुषांना मत मिळाले. स्त्रियांना मात्र त्यातून वगळण्यात आले. त्यांना मताधिकार देण्याची विल्यम वुडॉल यांची दुरुस्ती सूचना कनिष्ठ सभागृहाने त्याच वर्षी फेटाळली. म्हणजे ज्या विधेयकासाठी एनोला जीव धोक्यात घालते, त्यातून तिला स्वतःला काहीच मिळणार नव्हते. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्या वेळी एनोला पन्नाशीची असती. पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार स्त्रियांना १९२८ साली मिळाला.

प्रदर्शन व न्यायालयीन वाद

चित्रपटगृहांसाठी योजलेला हा चित्रपट कोविड साथीच्या काळात २३ सप्टेंबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. त्यापूर्वी डॉयल यांच्या वारसा संस्थेने अमेरिकेत दावा दाखल केला होता. शेरलॉकचा भावनाशील, स्त्रियांविषयी आदर बाळगणारा स्वभाव केवळ १९२३ ते १९२७ मधील कथांत दिसतो आणि त्या कथांवरील स्वामित्वहक्क अद्याप शाबूत आहेत, असा संस्थेचा युक्तिवाद होता. डिसेंबर २०२० मध्ये उभयपक्षांच्या संमतीने दावा निकाली निघाला.

उत्तरभाग

दुसरा भाग ४ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला. १८८८ साली लंडनमधील आगकाडी कारखान्यातील कामगार मुलींनी केलेला संप हा त्याच्या कथेचा आधार आहे.