मण्याआधीची प्रार्थना

५ मार्च १५३४ रोजी सर थॉमस मोर यांनी चेल्सीच्या घरातून राजा आठव्या हेन्रीला पत्र लिहिले. राजाची मर्जी गेली होती. केंटच्या एका जोगिणीच्या प्रकरणात मोर यांचे नाव गोवले गेले होते आणि तो आरोप दूर व्हावा, एवढेच त्यांचे मागणे होते. पत्राखाली या माजी लॉर्ड चॅन्सेलरने स्वतःला राजाचा एकनिष्ठ प्रजाजन म्हटले आणि जोडीला आणखी एक शब्द लिहिला : 'बीडमन'.

'बीड्समन' या रूपाने तो शब्द अजून इंग्रजी कोशांत आहे, पण वापरातून गेला आहे. बीड म्हणजे मणी, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. म्हणून बीड्समन म्हणजे मणी विकणारा किंवा ओवणारा असावा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात बीडचा मूळ अर्थ मणी नाहीच. जुन्या इंग्रजीत 'येबेद' म्हणजे प्रार्थना. जर्मन भाषेतला 'गेबेट' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि त्याचा अर्थ आजही प्रार्थना असाच आहे. याच घराण्यातले 'बिद्दन' हे क्रियापद मागणे आणि प्रार्थना करणे, दोन्हींसाठी चालत असे. वेल्समध्ये बेटुस-इ-कोएड नावाचे गाव आहे. त्यातले 'बेटुस' हे जुन्या इंग्रजीतल्या 'बेद-हूस'चे, म्हणजे प्रार्थनाघराचे, वेल्श तोंडात बसलेले रूप आहे.

मग प्रार्थनेचा मणी झाला कसा? मध्ययुगात सामान्य माणूस 'आमच्या बापा' आणि 'नमो मारिया' या प्रार्थना दोऱ्यात ओवलेल्या मण्यांवर मोजत असे. प्रार्थना मोजायची म्हणजे बोटांनी मणी सरकवायचा. रोज तेच बोलताना आणि तेच करताना शब्द ओठांवरून बोटांवर उतरला. चौदाव्या शतकापर्यंत बीडचा मणी हा अर्थ रुळला होता; पुढे काचेचा मणीही बीड झाला आणि कपाळावरचा घामाचा थेंबही. गोव्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. तिथे कोकणीत जपमाळेला 'कोंत' म्हणतात. तो पोर्तुगीज 'कोंता'वरून आला आणि त्याच्या मुळाशी मोजणे आहे. पोर्तुगिजांनी मण्याला मोजणीचे नाव दिले, इंग्रजांनी जे मोजायचे त्याचे.

बीड्समन मात्र मण्याच्या आधीपासून प्रार्थनेचाच माणूस होता, आणि तीही दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना. या शब्दात एक व्यवहार आहे. ऑक्सफर्डशरमधल्या युएल्म या गावात तो स्पष्ट दिसतो. १४३७ मध्ये विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस यांनी तिथे तेरा गरीब पुरुषांसाठी आश्रयगृह स्थापन केले. अ‍ॅलिस ही कवी चॉसरची नात. त्या तेरा जणांना निवारा आणि आठवड्याचा भत्ता मिळे. मोबदल्यात त्यांनी रोज चर्चमध्ये जाऊन देणगीदारांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायची. अ‍ॅलिसच्या वडिलांच्या थडग्याभोवती जमून देवाची करुणा भाकणे हेही रोजचे काम. हे सारे नियमावलीत लिहिलेले होते. शुद्धिस्थानात अडकलेल्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेने लवकर सुटका मिळते, अशी त्या काळची दृढ श्रद्धा होती. त्यामुळे गरिबाची प्रार्थना ही खरोखर मोलाची वस्तू होती. घेणारा लाचार नव्हता, त्याच्याकडेही देण्यासारखे काही होते. मला हा शब्द आवडतो तो यासाठी.

पुढे तो नम्रतेची भाषा बनला. नॉरफकच्या पास्टन घराण्यातली मार्जरी लग्नानंतर नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्वतःला त्याची सेविका आणि 'बीडवुमन' म्हणते. वरिष्ठांकडे काही मागायचे असले की 'आपला रोजचा बीड्समन' अशी सही होऊ लागली. पैसा नाही, सत्ता नाही, पण तुमच्यासाठी देवापाशी शब्द टाकीन, एवढे या सहीत येई. चॅन्सरी न्यायालयात अर्जदार स्वतःला 'आपला ओरेटर' म्हणवत असे. तिथेही ओरेटर म्हणजे वक्ता नव्हे, लॅटिन अर्थाने प्रार्थना करणारा. हे संबोधन एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले. मोर यांची सही याच परंपरेतली. वर्षभरानंतर, ६ जुलै १५३५ रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला.

त्यानंतर थोड्याच काळात त्या व्यवहाराचाच पाया काढून घेतला गेला. १५३८ च्या राजाज्ञेने न समजता मणी मोजण्याला अंधश्रद्धा ठरवले. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या संस्था बरखास्त झाल्या आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. १५७१ मध्ये पार्लमेंटने रोमहून 'बीड्स' आणण्यावर बंदी घातली. त्या कायद्यात बीड म्हणजे निव्वळ वस्तू, जप्त करता येणारी. आश्रयगृहे बरीचशी राहिली, युएल्मचे आजही आहे, पण प्रार्थनेचे मोल गेले तसा बीड्समन हा फक्त दान घेणारा म्हातारा उरला. शेक्सपिअरच्या 'दुसरा रिचर्ड' या नाटकात राजाच्या दानावर जगणारे हेच वृद्ध राजाविरुद्ध धनुष्य वाकवायला शिकतात. ज्यांनी राजासाठी प्रार्थना करायची तेच उलटले, हा त्यातला घाव अर्थ माहीत असल्याशिवाय लागत नाही.

स्कॉटलंडमध्ये या शब्दाचे भाग्य निराळे. तिथे धर्मसुधारणेनंतरही 'राजाचे बीड्समन' राहिले. राजाचे वय जितके तितकी त्यांची संख्या. दर वाढदिवसाला एक माणूस वाढायचा. प्रत्येकाला निळा झगा आणि राजाच्या वयाइतके स्कॉटिश शिलिंग मिळत. शिवाय धातूचा बिल्ला असे. भीक मागण्याविरुद्ध कायदे असतानाही तो बिल्ला दाखवून हे लोक देशभर फिरू शकत. प्रार्थना करणाऱ्याचा परवानाधारक भिकारी झाला. वॉल्टर स्कॉटने १८१६ च्या 'द अँटिक्वेरी' या कादंबरीत एडी ऑखिल्ट्री हा निळ्या झग्याचा म्हातारा इतक्या जिव्हाळ्याने रंगवला, की कथानायकापेक्षा तोच लक्षात राहतो. १८३३ नंतर नव्या नेमणुका झाल्या नाहीत.

शब्द गेला, पण अर्जाची ती रीत गेली नाही. इंग्रजांच्या न्यायालयांबरोबर ती आपल्याकडे आली. आजही मुंबई उच्च न्यायालयातल्या कितीतरी याचिकांच्या शेवटी, या कृपेबद्दल अर्जदार कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करीत राहील, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टाइप केलेले असते. वकील मंडळी याचिकेतल्या मागणीला 'प्रेअर'च म्हणतात, आणि निकालातही 'प्रेअर क्लॉज ए'प्रमाणे याचिका मंजूर होते. तालुक्याच्या कोर्टातल्या मराठी अर्जात त्या जागी 'सबब विनंती की' येते. तिथे मागणे तेवढे आहे, न्यायाधीशासाठी देवापाशी काही बोलण्याचे वचन नाही.