वळणाची दुमड

सरळ कडेची ताडपत्री कोणीही शिवेल. कस लागतो तो आत वळलेल्या कडेला. ट्रेकवाल्यांसाठी मी हलक्या नायलॉनच्या ताडपत्र्या शिवते, म्हणून या कापडाचं आणि अशा शिवणकामाचं घराणं शोधत बसते.

दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम बंद झालं आणि अमेरिकेत पॅराशूट नायलॉनची झाली. ६ जून १९४२ला ॲडलीन ग्रे या बाईने असं पॅराशूट अंगावर बांधून पहिली उडी मारली. पुढे १९४८मध्ये व्हर्जिनियात फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो यांनी सांगाडा नसलेला पतंग उडवला. तो गर्ट्रूडबाईंनी स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडातून शिवला होता! हँग ग्लायडर त्याचाच वंशज. पेटंटवर नवराबायको दोघांची नावं आहेत. शिवणारीचं नाव असं क्वचितच लागतं.

आता कड. ताण दिल्यावर झोल पडू नये म्हणून ती आत वळवून कापतात. पण दुमडलेली पट्टी वळणाला अपुरी पडते आणि चुण्या येतात. जितकी रुंद पट्टी, तितका हट्ट. मी सहा मिलिमीटरवर आधी एक टीप मारते, तिच्यावरच कापड मोडते, मग पुन्हा दुमडून दुसरी. टाचण्या फक्त दुमडीतच, कारण बाहेरचं प्रत्येक भोक पावसात गळतं. वळण फारच खोल असेल तर दुमडीचा नाद सोडा आणि सरळ उरेब पट्टी लावा.