बागांचा शिल्पी, पोरांचा पिता

वाचकहो, न्यूयॉर्क म्हटले की डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण त्या इमारतींच्या ऐन मध्यभागी ८४३ एकरांचे एक उद्यान आहे. तिथली टेकाडे, तळी, झाडी पाहून परका माणूस म्हणतो, ‘चला, एवढे तरी रान माणसाने सोडले!’ गंमत अशी, की यातले बहुतेक सारे माणसाने घडवलेले आहे. घडवणाऱ्यांतला एक होता फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड.

त्याचा जन्म १८२२ चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. तरुणपणी त्याने जहाजावर नोकरी केली, शेती केली, वार्ताहर म्हणून दक्षिणेकडची गुलामांची राज्ये पालथी घातली. त्या प्रवासावर त्याने गुलामगिरीचे वाभाडे काढणारी पुस्तके लिहिली. ही प्रथा अमेरिकेने मोडली, म्हणून महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपण जाणतोच.

१८५७ साली सेंट्रल पार्कच्या कामावर ओम्स्टेड देखरेखीस लागला. पुढल्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉ या वास्तुशिल्पज्ञासह त्याने केलेला आराखडा स्पर्धेत पहिला आला. त्यातली युक्ती पाहा : शहराचे चार आडवे रस्ते बागेतून न्यायचेच होते, ते या दोघांनी जमिनीच्या पातळीखाली उतरवले. गाड्यांची वर्दळ चालू राहिली आणि फिरणाऱ्याची शांतीही मोडली नाही. श्रीमंताला गावाबाहेर बंगला असतो, गरिबाने मोकळी हवा कुठे शोधायची? हा त्याचा सवाल होता. मात्र याच जागेवर सेनेका व्हिलेज ही मुख्यत्वे काळ्या लोकांची वस्ती होती आणि ती १८५७ मध्ये उठवली गेली. जमीन घेण्याचा निर्णय ओम्स्टेडच्या नेमणुकीआधीचा. पण सर्वांसाठीच्या बागेखाली कोणाची तरी घरे गाडली गेली, हे विसरून कसे चालेल?

त्याच १८५७ साली त्याचा धाकटा भाऊ जॉन क्षयाने वारला. मागे राहिली पत्नी मेरी आणि तीन कच्चीबच्ची. ‘मेरीला सांभाळ,’ असे जॉनने मरण्यापूर्वी पत्रातून विनवले होते. १८५९ मध्ये ओम्स्टेडने मेरीशी लग्न केले, तेही सेंट्रल पार्कच्या आवारातच, आणि पुतण्यांना आपली मुले मानले. पुढच्या वर्षी गाडीच्या अपघातात त्याचा पाय मोडला. काही दिवसांतच तान्हे बाळ दगावले. तरी माणसांच्या खांद्यावरून हिंडत त्याने बागेचे काम पाहिले. कायमचे लंगडेपण मात्र नशिबी आले.

पुढे ब्रुकलिनचे प्रॉस्पेक्ट पार्क झाले, बॉस्टनची उद्यानमाला झाली, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाची भूरचना झाली. घरात आणखी अपत्ये आली. पुतण्या ओवेन १८८१ मध्ये गेला. धाकट्या मुलाचे मूळ नाव हेन्री. ते बदलून बापाने त्याला स्वतःचेच नाव दिले, आपला धंदा त्याने चालवावा म्हणून! माया खरी, पण ओझेही थोडे नव्हे.

मुलांनी ते पेलले. १८९५ मध्ये स्मृती ढळू लागल्याने ओम्स्टेड निवृत्त झाला. १८९९ साली अमेरिकेतल्या उद्यानशिल्पींची संस्था निघाली, तिचा पहिला अध्यक्ष झाला जॉन चार्ल्स, म्हणजे भावाचा मुलगा. धाकट्याने १९०० मध्ये हार्वर्डला या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९१६ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यातले मुख्य शब्दही त्याचेच.

ओम्स्टेड १९०३ साली बेलमाँटच्या मनोरुग्णालयात वारला. त्या रुग्णालयाच्या जागेबद्दल पूर्वी त्यानेच सल्ला दिला होता. झाड लावणाऱ्याला त्याची पुरती सावली क्वचितच लाभते. म्हणून का कोणी लावायचे थांबते? भावाची रोपटी त्याने आपल्या अंगणात वाढवली, आणि त्याच्या पश्चात त्याच्या बागांना पाणी घालायला तीच पुढे आली. आपल्या गावात एखादे झाड तोडण्यापूर्वी, वाचकहो, एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.