आसऱ्याचा खर्च कोणी उचलला?

आपल्या राधानगरीचं नाव शाहू महाराजांच्या लेकीवरून, राधाबाईंवरून पडलं आणि धरण महाराजांनी बांधायला घेतलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आणखी एक काम केलं. घरातल्या पुरुषांनी बाईला क्रूरपणे वागवणं हा त्यांनी कायद्यानं गुन्हा ठरवला. सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड. देशाच्या फौजदारी कायद्यात सासरच्या छळाचं ४९८ अ हे कलम आलं ते १९८३ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी.

याचा आपल्याला अभिमान आहेच. पण आम्ही बचत गटात काम करणाऱ्या, पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या बायका. आम्हाला पुढचा प्रश्न पडतो. तक्रार केली त्या रात्री ती बाई झोपली कुठं? कायदा नवऱ्याला शिक्षा देतो, पण बाईच्या डोक्यावर छप्पर घालत नाही. छपराला पैसा लागतो. तो पैसा आपल्या महाराष्ट्रात कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला आणि आटला तेव्हा काय झालं, ते आज बघू.

सुरुवात पुण्यातून करू. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, दिवस गेलेल्या विधवांना तिथं गुपचूप येऊन बाळंत होता येई. १८८४ पर्यंत अशा पस्तीस जणी येऊन गेल्याचं जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे. तिथंच जन्मलेला एक मुलगा या जोडप्यानं दत्तक घेतला, तो डॉक्टर यशवंत. हे काम दोघांच्या घरात, त्यांच्याच संसारातून चालत होतं. पण एका घराला झेपेल तेवढंच ते होतं.

मग आल्या पंडिता रमाबाई. त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव भाषणं केली, इथल्या विधवांचे हाल तिथल्या लोकांना सांगितले. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ उभं राहिलं आणि त्यानं दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. आजच्या भाषेत बोलायचं तर दहा वर्षांचं अनुदान मंजूर झालं. त्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. धर्माच्या बाबतीत सदन कुणावर सक्ती करणार नाही, असं ठरलं होतं. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा बोभाटा झाला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी येऊन मुली परत नेल्या.

यात चूक कोणाची, यावर तेव्हाही वाद झाला आणि अजून होतो. आम्हाला दिसतं ते एवढंच, की भांडण मोठ्या माणसांचं झालं आणि घरी परत जावं लागलं ते मुलींना. त्यांचं मत कोणी विचारल्याचं दिसत नाही.

रमाबाईंची एक गोष्ट मात्र प्रत्येक गटानं शिकण्यासारखी आहे. दहा वर्षांनी पैसा थांबणार, हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी दौंडजवळ केडगावला जमीन घ्यायला लावली आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा त्यामागचा विचार. पुढं दुष्काळ पडला, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या, तेव्हा त्यांना ठेवायला ही जमीनच कामी आली. तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं.

याच शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली लग्न केलं. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. त्यासाठी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. वर्गणीचं बरं असं, की एक देणारा रुसला तरी काम बंद पडत नाही. वाईट असं, की चालवणाऱ्याचं निम्मं आयुष्य मागण्यात जातं.

स्वातंत्र्यानंतर सरकार पुढं आलं. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि संस्थांना अनुदान मिळू लागलं. १९६९ मध्ये अल्पमुदत निवासगृहांची योजना आली, २००१-०२ मध्ये स्वाधार आली. या दोन्हींचं पुढं स्वाधारगृह झालं आणि २०२२ पासून मिशन शक्तीखाली त्याचं नाव शक्ती सदन आहे. त्याचा खर्च केंद्र साठ टक्के आणि राज्य चाळीस टक्के उचलतं. २०१५ पासून सखी केंद्रं निघाली, त्यांचा पैसा निर्भया निधीतून येतो.

अनुदान हप्त्यानं येतं. मागच्या हप्त्याचा हिशोब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर पुढचा सुटतो. हप्ता लांबला तरी चूल रोज पेटवावीच लागते. बाया आणि लेकरं थांबू शकत नाहीत. शिवाय मुदत आहे. स्वाधारगृहाच्या नियमात घरातल्या मारहाणीमुळं आलेल्या बाईला एक वर्ष राहता येत होतं. वर्षानंतर तिनं कुठं जायचं? माहेरी भावाच्या संसारात, नाहीतर परत त्याच दारात.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या टाकलेल्या बायकांनीच मोठ्यानं विचारला. २० मार्च १९८८ ला संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली. वकील निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी ती चळवळ पुढं नेली. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीनं वाळवा तालुक्यातल्या बहे गावात टाकलेल्या बायकांना घरासाठी जागा मागितली. पोटगी, स्वतंत्र रेशनकार्ड, स्वतःचा निवारा या त्यांच्या मागण्या. 'आम्हाला आश्रमात ठेवा' असं त्या म्हणत नव्हत्या. आपल्याच गावात, आपल्या नावावर जागा त्यांना हवी होती. इथं आसऱ्याची गोष्ट दानावरून हक्कावर आली.

कायदा त्यामागून आला. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर नावावर नसलं तरी बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे. न्यायालय नवऱ्याला तिच्यासाठी वेगळं घर बघून द्यायला किंवा भाडं भरायला सांगू शकतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं.

तरी निवारागृहं नकोत, असं आमचं म्हणणं नाही. दाजीपूरकडच्या धनगरवाड्यावरून रात्री निघालेल्या बाईला आधी चार भिंती लागतात, हक्काचा कागद नंतर. आणि कोल्हापूर तिच्यापासून पन्नास किलोमीटरच्याही पुढं आहे. म्हणून निवारा तालुक्याच्या जवळ असावा आणि त्याचं अनुदान वेळेवर सुटावं, हे आपण मागत राहायचं. ग्रामसभेत मागायचं, आमदारांना भेटून मागायचं.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं. घरकुल योजनेतलं घरही दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे मिळतं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा उतारा घेऊन यावा आणि आपलं नाव आहे का, ते बघावं. नसलं तर अर्ज कसा लिहायचा, ते सगळ्या मिळून बघू. आणि आज रात्रीच कोणाला गरज पडली तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा. वकिलाचा खर्चही बाईला पडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो.