आधी रोजकीर्द, मग खतावणी

उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा. तोडलेले पुडे फळीवर मोजले जातात आणि मुन्शी ते त्याच दिवशी लिहून घेतो. मजुरीचा सारा हिशोब या रोजच्या नोंदीवर उभा असतो. व्यापारातही तोच नियम: आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी अर्धवट राहिली तर कीर्दीवरून पुरी करता येते.

हीच युक्ती आपल्या संगणकाच्या डिस्कमध्ये कशी शिरली, ते पाहू.

फाइलमध्ये आपण चार ओळी वाढवल्या की डिस्कवर निदान तीन ठिकाणी बदल होतात: मजकूर, तो कुठे ठेवला हे सांगणारी फाइलची नोंद आणि रिकाम्या जागांचा तक्ता. मध्येच वीज गेली तर? फाइल म्हणते जागा माझी, तक्ता म्हणतो जागा रिकामी. पुढे तीच जागा दुसऱ्या फाइलला मिळते आणि पहिलीचा मजकूर पुसला जातो.

जुन्या युनिक्सवर अशा वेळी 'एफएससीके' हा प्रोग्रॅम सगळी डिस्क तपासत असे. डिस्का मोठ्या झाल्या तशी ही तपासणी लांबत गेली. डेटाबेसमध्ये रोजकीर्द आधीपासून होतीच. १९९० मध्ये आयबीएमने ती एआयएक्सच्या फाइलव्यवस्थेत आणली. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आली, तर २००१ मध्ये स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट-३ लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली. आता बदल आधी कीर्दीत लिहायचा, पूर्ण झाल्याची खूण करायची, मगच तो जागच्या जागी न्यायचा. वीज परतल्यावर खूण असलेल्या नोंदी पुऱ्या होतात, बिनखुणेच्या सोडून दिल्या जातात.

पण दोनदा लिहिण्यात वेळ जातो. म्हणून काही जण ही कीर्द बंद करतात. २००९ मध्ये एक्स्ट-४ला तशी सोय मिळाली, ती गूगलच्या अभियंत्यांमुळे. त्यांच्याकडे एकाच माहितीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. एक डिस्क बिघडली तरी अडत नाही.

वादळात वीज जाणाऱ्या गावातल्या शाळेच्या किंवा ग्रामसभेच्या एकुलत्या एका संगणकाचे तसे नाही. तिथे थोड्या वेगासाठी वर्षाचे हिशोब पणाला लागतात. अर्थात कीर्द सहसा फाइलींची मांडणी सांभाळते, त्यांतला प्रत्येक शब्द नव्हे. आणि डिस्कच जळाली तर तीही जाते. म्हणून कीर्द चालू ठेवावी आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी.