सटवाईची रात्र आणि आरोग्यदूत

मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहिते, अशी आपल्याकडील जुनी समजूत. नाव ठेवावयाचे ते बाराव्या दिवशी. या रीतींच्या मुळाशी एक भय असावे, असे आम्हांस वाटते: पहिले काही दिवस बाळ पुरते आपले झालेलेच नसते. वैद्यकशास्त्रानेही पहिले २८ दिवस वेगळे काढून त्यांस नवजातकाल म्हटले. मात्र ललाटलेख न मानता मृत्यूची कारणे शोधली. जंतुसंसर्ग, जन्मताच श्वास न घेणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म ही त्यांतील प्रमुख. कारणे कळली, तरी उपाय कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्न उरला. महाराष्ट्रात त्याची दोन उत्तरे शोधली गेली. एक महानगरी रुग्णालयात, दुसरे गडचिरोलीच्या खेड्यांत.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय महापालिकेचे. तेथील नवजात विभागात परिचारिका अपुऱ्या आणि जंतुसंसर्गाचा उपद्रव मोठा. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाळांच्या आयांनाच विभागात घेतले, त्यांना शुश्रूषा शिकविली आणि दुधाच्या बाटल्या हद्दपार केल्या. ज्यांना आईचे दूध मिळू शकत नव्हते अशा बाळांसाठी १९८९ मध्ये तेथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते.

गडचिरोलीत अडचण निराळी होती. तेथे बाळंतपणे बहुधा घरीच होत आणि रुग्णालय दूर असे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. घरोघरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडल्यास साहाय्य करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध व इंजेक्शन देणे, ही त्यांची कामे. तुलनेसाठी आणखी ४७ गावांतील नोंदी ठेवल्या गेल्या.

अल्पशिक्षित बाईच्या हाती इंजेक्शन द्यावे काय, ही शंका साहजिक होती. तिचे उत्तर आकड्यांनी दिले. जंतुदोष झालेल्या नवजातांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. १९९७-९८ मध्ये या गावांतील नवजात मृत्यूदर हजारी २५.५ झाला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के भरली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

शासनाने २०११ मध्ये गृहाधारित नवजात सेवा देशभर स्वीकारली आणि ती गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्तींकडे सोपविली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे त्यांनी सहा वेळा जावे, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. आणि या साऱ्यासाठी ठरलेले मानधन अडीचशे रुपये!

खेड्यातील सेवेने रुग्णालय अनावश्यक ठरत नाही. अतिशय कमी वजनाच्या किंवा गंभीर आजारी बाळाला तेथेच न्यावे लागते. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा रुग्णालयात उभारलेला नवजात विभाग पुढे इतर जिल्ह्यांना नमुना ठरला, तो याच गरजेतून. परंतु बाळाला वेळेवर तेथवर पोहोचवायचे, तर धोका आधी घरातच कोणी तरी ओळखला पाहिजे.

गडचिरोलीच्या त्या ३९ गावांनी १९९८ मध्ये गाठलेला दर संपूर्ण देशाला गाठण्यास २०१५ साल उजाडले. ही सतरा वर्षे ज्ञानाच्या अभावाची नव्हती. शीवच्या आईवर आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूतावर काही थोड्या डॉक्टरांनी जो विश्वास टाकला, तो व्यवस्थेने टाकावयास उशीर केला. आजही आशाताईस मिळते ते कामावर आधारित मानधनच, नियमित वेतन नव्हे. तो विश्वास अजून अर्धाच आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच.